आधी पाणी, मग सुविचार

ओतूर सोडून माळशेजच्या दिशेने निघालं की वाटेत डिंगोरे लागतं. घाटावरून उतरणारा पाऊस, जवळच पिंपळगाव जोगा धरण, शिवारात कांदा, टोमॅटो, ऊस. वरच्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ते दुखणं वेगळं. पण महामार्गालगतचा हा पट्टा काही दुष्काळी नाही. म्हणून माझा प्रश्न डिंगोऱ्याला आहे, आणि त्याच्या निमित्ताने जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक गावाला आहे. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली हातात घेण्याआधी पोरांचे हात साबणाने धुतले जातात का?

हो किंवा नाही, एवढंच सांगा. ‘आमच्या भिंतीवर लिहिलंय’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

भिंती रंगवण्यात आपण मागे नाही. हात धुण्याच्या पायऱ्या, नखं कापणारा मुलगा, दात घासणारी मुलगी, खाली सुविचार. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन. २००८ पासून जगभर पाळतात, आपणही पाळतो. त्या दिवशी बादल्या भरतात, साबणाची नवी वडी निघते, ओळीत उभ्या पोरांचे फोटो वरच्या कार्यालयात जातात. मग १६ ऑक्टोबर उजाडतो. त्या दिवसाचा फोटो कोणी मागत नाही, आणि मला हवा आहे तो नेमका त्या दिवसाचा.

आता एक हिशोब मांडू. पाचवीतलं पोरही तो करील. शाळेत १२० मुलं आहेत आणि चालू नळ दोन आहेत असं धरा. हात ओले करणं, साबण लावून वीसेक सेकंद चोळणं, धुणं, बाजूला होणं याला एका मुलाला ४० सेकंद लागतात. १२० मुलांचे झाले ४८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटं. दोन नळांवर ४० मिनिटं. मधली सुट्टी तेवढ्यातच संपली, खिचडी कधी खायची? म्हणून पोरं हात न धुता पंगतीत बसतात. यात त्यांची सवय वाईट नाही की घरचं वळण वाईट नाही. नळ कमी आहेत. तेच दहा तोट्या बसवल्या तर काम आठ मिनिटांत उरकतं. दहा तोट्यांचा एक आडवा पाइप आणि त्यामागे टाकी. माणशी लिटरभर धरलं तरी दिवसाला १२० लिटर पाणी. दोनशे लिटरचा एक पिंप पुरतो.

या हिशोबाशिवाय आरोग्यशिक्षणावर बोलायचं असेल तर मला बोलायचं नाही.

हल्ली सगळीकडे ऐकू येतं की मुलांना स्वच्छता शिकवायची तर आपल्या संस्कृतीतून शिकवा, आजीच्या शहाणपणातून शिकवा. मला हे मनापासून पटतं. पण आजीचं शहाणपण नेमकं कशात होतं ते आधी नीट पाहू या. रानातून आलेल्या नातवाला आजी उंबऱ्याबाहेर थांबवायची. “पाय धू आधी, मग आत ये.” बस, एवढंच. तिने आरोग्यावर भाषण दिलं नाही. पण दाराशी पाण्याची बादली भरलेली होती, तिच्यात तांब्या होता, पाय घासायला दगड होता, आणि पोरगं तसंच आत घुसलं तर त्याला बखोट धरून मागे नेणारी ती स्वतः होती. पाणी जागेवर, वस्तू हाताशी आणि मोठं माणूस हजर. या तीन गोष्टी होत्या म्हणून ‘पाय धू’ या दोन शब्दांना वजन होतं. आपण शाळेत तिचे शब्द तेवढे नेले. बादली तिच्या दारातच राहिली.

हे शहाणपण या मुलखात फार जुनं आहे. डिंगोऱ्याच्या पोरांची सहल लेण्याद्रीला जातच असेल. पुढच्या वेळी गुरुजींनी गणपतीच्या पायऱ्या चढून झाल्यावर मुलांना लेण्यांच्या तोंडाशी थांबवावं आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी दाखवावीत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदली गेली, तेव्हा भिक्षूंच्या राहत्या जागेबरोबर पाण्याचं टाकंही खोदलं गेलं. अशी टाकी दान दिल्याचे शिलालेख इथे आहेत. टाकं देणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं जावं, एवढा त्या दानाचा मान होता. नाणेघाटात तेच, शिवनेरीवर तेच. गंगा-जमुना टाक्यांतलं पाणी गडावर जाणारं प्रत्येक पोर डोकावून पाहतं. राहण्याची जागा बांधली की पाणी तिथेच हवं, हे सातवाहनांच्या काळातल्या पाथरवटाला कळत होतं. आज शाळेची खोली बांधताना आपल्याला ते कळत नसेल तर इतिहासाच्या तासाला आपण काय शिकलो?

आता ओगराळ्याबद्दल. नवीन पोरांना हे नावच माहीत नाही. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात हात जाऊ नये म्हणून लांब दांड्याचं एक भांडं असायचं, त्याने पाणी काढायचं, पेल्यात ओतायचं. पेला हंड्यात बुडवला तर घरातली बाई सगळं पाणी ओतून द्यायची आणि बोलायचीही. आज सार्वजनिक आरोग्याची माणसं जगभर हेच सांगतात: साठवलेल्या पाण्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचं भांडं वापरा किंवा तोटी लावा. कारण विहिरीचं किंवा नळाचं शुद्ध केलेलं पाणीसुद्धा घरी येऊन बोटांनी नासतं. तांब्या वर धरून, ओठ न लावता पाणी पिण्याची आपली पद्धतही तशीच. ही उष्ट्याची शिस्त शाळेत आणण्याजोगी आहे. पण ती आणायची तर पाण्याच्या पिंपाला झाकण आणि तोटी बसवायला हवी, नाहीतर साखळीला बांधलेला एकच पेला शंभर तोंडांना लागतो.

आजीचं दुसरं मोठं देणं म्हणजे पेज. पोर हगवणीने मलूल झालं की मऊ भाताची पातळ पेज मीठ घालून घोट घोट पाजायची. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले आणि सगळ्या जगाचे डोळे उघडले. पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही उपयोगी पडते, हे सिद्ध झालं. पेजेमागचं तत्त्व तेच आहे. आजही लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण सहावीच्या प्रत्येक मुलीला-मुलाला तोंडपाठ हवं. पाढ्यांइतकं पाठ. धाकट्या भावंडाचा जीव त्यावर असतो.

पण त्याच गावात, कधी त्याच घरात, दुसरा सल्लाही मिळायचा. जुलाब होताहेत ना, मग पोट रिकामं ठेवा, पाणी तोडा. या सल्ल्याने पोरं गेली आहेत. जुलाबात पोर दगावतं ते अंगातलं पाणी आटल्यामुळे. म्हणजे परंपरेच्या एकाच डब्यात पेजही आहे आणि पाणी तोडणंही आहे. डबा डोक्यावर घेऊन नाचू नका. उघडा आणि निवडा.

निवडायला बसलं की काही गोष्टी सरळ बाहेर काढाव्या लागतील. पहिली मिसरी. तंबाखू तव्यावर भाजायची, पूड करायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळायची. बायका हे दात घासणं समजतात, आणि आईचं पाहून लहान मुलीही बोट डबीत घालतात. ते दात घासणं नव्हे. ती तंबाखू आहे, हिरड्यांवाटे रक्तात जाते, सहजी सोडता येत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेते. शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. घरातल्या डबीला तो कायदा लागत नाही. तिथे पोरांनीच आईला सांगावं लागेल. ती ऐकेल, कारण स्वतःच्या जिवासाठी जे करत नाही ते आई पोरासाठी करते. बाभळीची काडी, कडुलिंबाची काडी चालेल, तंबाखू मुळीच नाही.

दुसरं सोवळं. इथे मला कुणाचाही मुलाहिजा ठेवायचा नाही. आपल्या संस्कृतीत स्वच्छतेचे नियम होते, आणि त्याच नियमांच्या आडून माणसांना पाणवठ्यावरून हाकललंही गेलं. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. हात धुणं ही स्वच्छता आहे. अमक्याने हात लावला म्हणून पाणी ओतून देणं ही क्रूरता आहे. मुलांना परंपरा शिकवणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी शिकवला पाहिजे. न शिकवता नुसतं ‘आपल्या पूर्वजांची थोर स्वच्छता’ म्हणत राहिलात तर वर्गातल्या काही मुलांच्या पूर्वजांचा अपमान तुम्ही रोज परिपाठात करत आहात.

तिसरं, पाळीत मुलीला बाजूला बसवणं. तिला विटाळ म्हणू नका, कोपऱ्यात ओला कपडा वाळवायला लावू नका. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना काढली, स्वस्तात सॅनिटरी पॅड देऊ केले. चांगलं केलं. पण पॅड बदलायला कडी असलेलं दार, आत पाणी आणि वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा लागतो. हे नसेल तर मुलगी त्या दिवसांत घरीच राहते. सातवी-आठवीतल्या मुलींची हजेरी पाहा, महिन्याचे ठरावीक दिवस गळालेले दिसतील.

मग शिकवायचं कसं? महाराष्ट्रात हे करून दाखवलेली माणसं आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, १९५७ साली तिथून कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. आपली अंगणवाडी तिथली. आणि अक्षराच्या आधी काय केलं? मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले. स्वतःच्या हातांनी. पोराच्या अंगाला हात लावायची ज्याची तयारी नाही त्याने बालशिक्षणावर बोलू नये, असं या दोघींचं काम पाहिल्यावर मला वाटतं. एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ साली. कोसबाडच्या अंगणातलं नाव तिने घेतलं. ती आंघोळ, ती नखं किती ठिकाणी घेतली, हे प्रत्येक गावाने आपापल्या अंगणवाडीत जाऊन पाहावं.

गाडगेबाबांचंही तेच. गावात शिरले की आधी खराटा. रस्ते झाडून, गटारं साफ करून झाली की रात्री कीर्तन. कीर्तनातही उपदेशाचा डोस नसे, समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. शाळेने उचलण्याजोगी पद्धत ही आहे. सकाळी काम, मग प्रश्न. राज्याने २००० साली बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, आर. आर. पाटील त्या वेळी ग्रामविकास मंत्री होते, आणि गावंच्या गावं झाडून निघाली. नाव अजून आहे. आता खराटा कोणाच्या हातात आहे ते पाहा.

कारण शाळेतला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे: शौचालय कोण धुणार? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा शिपाई नसतो. मग कुलूप लागतं, किंवा काही ठरावीक मुलांना पुढे केलं जातं. कोणती मुलं, ते गावाला माहीत असतं. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठीशी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी संडासाचे नमुने बनवण्यात वर्षं घालवली. हा ब्राह्मण घरातला, शिकलेला माणूस. शाळेत शौचालय धुण्याची पाळी लावायची तर पहिलं नाव मुख्याध्यापकांचं, दुसरं शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचं, मग प्रत्येक वर्गातल्या सगळ्यांचं, हजेरीपटाच्या क्रमाने. तसं जमणार नसेल तर पैसे देऊन माणूस नेमा, त्याला हातमोजे-बूट द्या. तिसरा मार्ग मला मान्य नाही.

आणि हा प्रश्न जुन्नरात निव्वळ घाणीचा नाही. इथे उसात बिबट्या आहे. अंधारात टमरेल घेऊन उसाच्या कडेला बसलेलं लहान पोर त्याला आपल्या भक्ष्याएवढंच दिसतं. उघड्यावर जाऊ नका, असं वनखातं कळवळून सांगतं. ज्या वस्तीत शौचालय आहे पण पाणी नाही म्हणून त्यात सरपण ठेवलंय, तिथे ही जोखीम रोज पहाटे उचलली जाते. सवयीवर बोलताना पोरांना हे सरळ सांगा, त्यांना कळतं.

रानातली दुसरी गोष्ट फवारणीची. टोमॅटोवर, द्राक्षावर औषध मारून आलेला बाप त्याच हातांनी पोराला जवळ घेतो, पोर फवारलेल्या ओळीतला टोमॅटो तोडून तसाच खातं. आजीच्या काळी हे विष नव्हतं, त्यामुळे यावर तिची म्हण नाही. नवी म्हण आपल्याला करावी लागेल. तिसरी गोष्ट जंतांची. अनवाणी पायांच्या कातडीतून आकडेकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. जंतांची गोळी शाळेत मिळते, २०१५ पासून त्यासाठी राष्ट्रीय दिवसही ठरला आहे. गोळीने आतले जंत पडतात. चप्पल आणि शौचालय नसेल तर नवे येतात.

साबण कशाला, नुसतं पाणी पुरतं की, असं कोणी म्हणालं तर वर्गात एक प्रयोग करा. पोरांच्या हातांना गोडेतेलात कालवलेली हळद चोळा. निम्म्यांना नुसत्या पाण्याने हात धुवू द्या, निम्म्यांना साबणाने. हळद कोणाच्या हातांवर जास्त राहिली ते सगळे पाहतील. पूर्वी राखेने हात धुवायचे; राख काहीच नसण्यापेक्षा बरी होती, साबण तिच्याहून बरा. साबणाने हात धुतल्याने लहान मुलांचे जुलाब साधारण ३० टक्क्यांनी घटतात, असं जगभरच्या पाहण्यांतून दिसलं आहे. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम करणारं औषध दुसरं मला माहीत नाही.

पोरांना घरी पाठवा. आजीला, आजोबांना तीन गोष्टी विचारून या म्हणावं: पाण्याचं काय करायचात, दात कशाने घासायचात, पोट बिघडलं की काय द्यायचात. वहीत उतरवा, आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘का?’ लिहा. वरच्या वाड्यांतली महादेव कोळ्यांची पोरं बाळहिरड्याबद्दल गुरुजींना चार गोष्टी शिकवतील, कारण तो त्यांच्या घरचे लोक गोळा करतात, वाळवतात, विकतात. हिरड्याने पोट साफ होतं हे खरं. जुलाब लागलेल्या पोराला तो द्यायचा नाही, हेही त्या उत्तरापुढे लिहा. मग त्या वहीतून भारूड करा, वग करा. नारायणगाव जवळच आहे, तमाशातल्या विठाबाईंचं गाव. सवाल-जवाब या मातीतल्या पोरांना शिकवावे लागत नाहीत. पण हे सगळं तोट्या बसल्यानंतर. कोरड्या नळासमोर स्वच्छतेचं गाणं म्हणायला लावणं ही मुलांशी केलेली बेइमानी आहे.

पैशाचं कारण सांगू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता याच कामांना बांधून दिला होता. तुमच्या पंचायतीने त्यातला किती शाळेकडे वळवला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत पिण्याचं पाणी आणि मुलामुलींना वेगळी शौचालयं सक्तीची केली, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया ठेवल्या. म्हणजे बहुमत तुमचंच आहे. वस्तीशाळेला तेवढाही निधी नसेल तर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, दोरी आणि पायाने दाबायची काठी, यात हात धुण्याचा नळ होतो. एका दुपारी पोरंच बनवतील.

डिंगोऱ्याच्या आयांनो, येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एकच विषय लेखी द्या: शाळेत दहा तोट्या, वर टाकी, साबणाचा वर्षाचा खर्च आणि शौचालय धुणाऱ्याचा पगार. मंजूर झाल्याचा ठराव हातात पडेपर्यंत सभेतून उठू नका.